समाधान आणि हजार रुपये

इफ्तारला दोन खजूर, वाटीभर उकडलेले हरभरे, शेजारणीने पाठवलेली कांदाभजी आणि मगरिबच्या नमाजनंतर कपभर चहा. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराच्या घरी रमजानची संध्याकाळ एवढ्यानेही भरून जाते. पंचाहत्तरी गाठलेल्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे. त्यामुळे ईदला संगमनेरच्या लेकीकडे जाणेही जमते. आहे त्यात गोडी मानण्याला उर्दूत ‘कनाअत’ म्हणतात, मराठीत समाधान.

मात्र रोजा माणूस स्वतःहून धरतो. परिस्थितीने पोट मारावे लागणे म्हणजे रोजा नव्हे. ईपीएस-९५ योजनेत किमान मासिक पेन्शन १,००० रुपये ठरली २०१४ मध्ये. नंतर महागाई वाढतच गेली. औषध आणावे की गॅस, असा हिशेब करणाऱ्या वृद्धाला समाधानाचा उपदेश करणे सोपे आहे, न्याय्य नाही. कनाअत ही त्याची स्वतःची कमाई. पेन्शन तुटपुंजी ठेवायला ती सबब होऊ शकत नाही.

सहकारी साखर कारखानदारी याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी रुजली. ती घाम गाळून वाढवणाऱ्यांची ईद असो वा दिवाळी, गोड व्हायला उधारी करावी लागू नये.