चिकू, पंख्यावरून खाली ये!

चेन्नईत मे महिन्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे शिक्षाच. पण आमच्या गिंडीच्या फ्लॅटमध्ये मागच्या उन्हाळ्यात आम्ही रोज संध्याकाळी ही शिक्षा भोगायचो, कारण पंख्यावर चिकू बसलेला असायचा.

चिकू म्हणजे आमचा कॉकटील. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालावर केशरी टिकली आणि मूड सांगणारा तुरा. भाच्याच्या सातव्या वाढदिवसाला तो घरी आला. पिंजऱ्याचं दार उघडलं की स्वारी थेट हॉलच्या पंख्यावर! ताई खालून झाडू हलवायची, भावोजी स्टुलावर चढायचे, भाचा टाळ्या पिटायचा आणि चिकू वरून शीळ घालायचा. सांगलीहून आजीचा फोनवर सल्ला ठरलेला, "पंख कापा मेल्याचे!"

मग एक दिवस लाइट गेली. चिकू पंख्यावर जाऊन बसला आणि पंख्याचं बटण चालूच आहे हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. लाइट आली, पाती हळूहळू फिरू लागली. तो घाबरून उडाला म्हणून वाचला. शेपटीची दोन पिसं तेवढी खाली पडली. त्या रात्री आमच्याकडे कोणी नीट जेवलं नाही. ही सवय मोडायचीच, हे तेव्हा ठरलं.

तो वरच का बसतो?

आपल्याला वाटतं, हा मुद्दाम त्रास देतोय. तसं नसतं. पोपटाच्या जातीचे पक्षी उंचावर बसतात कारण तिथे त्यांना सुरक्षित वाटतं. तिथून सगळं दिसतं आणि कोणाचा हात पोहोचत नाही. त्यात आम्ही खाली जो आरडाओरडा करायचो, तो त्याच्यासाठी खेळच होता. अख्खं घर आपल्याकडे बघतंय, अजून काय हवं? आणि झाडूमुळे एकच झालं, तो आमच्या हातांना घाबरायला लागला.

पंख कापण्याचंही तसंच. कापलेली पिसं गळून नवी येतात आणि एक दिवस पक्षी अचानक पुन्हा उडायला लागतो. तोपर्यंत नीट उडता न आल्यामुळे आपटून लागण्याची भीती असतेच. आणि वर बसायची इच्छा काही कात्रीने जात नाही.

आम्ही काय केलं?

आधी पंखा, मग पिंजरा. बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावल्याशिवाय पिंजऱ्याचं दार उघडायचं नाही. तेवढ्या वेळापुरता जाळीवाला टेबल फॅन लावायचा.

उंच जागा दिली. खिडकीजवळ, आमच्या डोक्याच्या थोडं वर, पेरूची एक फांदी धुऊन, वाळवून टांगली. फांदी कुठे जाड, कुठे बारीक असली तर पायांना आराम मिळतो. एकसारख्या गुळगुळीत दांडीवर सतत बसून पायाला जखमा होऊ शकतात.

काडीचा खेळ सुरू केला. आइस्क्रीमची काडी समोर धरायची. त्याने चोचीने शिवली की लगेच "शाब्बास" म्हणून राळ्याचे दाणे द्यायचे. काडी हळूहळू लांब न्यायची, शेवटी त्या फांदीपर्यंत. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, तेही जेवणाआधी. पोट भरलेलं असलं तर तो ढुंकूनही बघत नाही.

राळे इथे किराणा दुकानात 'तिनै' म्हणून मिळतात. मुरुगनची वल्ली तिनैच्या शेतातून पोपट हाकलायची, अशी कथा इकडे सांगतात. आम्ही त्याच तिनैने पोपट बोलावतोय!

पंख्यावर गेला तर शांत राहिलो. ओरडायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही. फांदीजवळ काडी धरून फक्त हाक मारायची. आला की खाऊ. आणि स्वतःहून फांदीवर बसला असेल तेव्हा तर हमखास खाऊ. सगळ्यात अवघड होतं भावोजींना गप्प बसवणं! पण घरात एक जण खाऊ देतो आणि दुसरा झाडू दाखवतो, असं चालत नाही.

पहिला आठवडा काहीच फरक दिसला नाही. तिसऱ्या आठवड्यात दार उघडल्यावर चिकू फांदीकडे जायला लागला. आजही कधीतरी पंख्यावर जातो, पण हाक मारली की येतो.

तुमच्याकडे हिरवा पोपट आहे?

मग मुद्दा सवयीचा नाही. आपले देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये तमिळ अभिनेते रोबो शंकर यांच्या चेन्नईतल्या घरातून वन विभागाने दोन पोपट ताब्यात घेतले. अडीच लाखांचा दंड झाला आणि ते पोपट आमच्या इथल्या गिंडी चिल्ड्रन्स पार्कमध्ये आणले गेले. असा पक्षी घरी असेल तर वन विभागाशी बोला. माणसाळलेल्या पोपटाला खिडकीतून सोडून देऊ नका. त्याला बाहेर खाणं शोधता येत नाही. कॉकटील, बजी परदेशी असल्याने पाळता येतात. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव असेल तर 2024 च्या नियमांनुसार सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

संध्याकाळी गिंडीच्या जंगलाकडे हिरव्या पोपटांचे थवे ओरडत जातात, तेव्हा चिकू फांदीवर तुरा उभा करून ऐकत असतो. त्याला उंचावर बसायचं असतं, एवढंच. ती उंच जागा पंख्याची नसावी, हे बघणं आपलं काम.

आमच्या स्विचबोर्डवर भाच्याने एक चिठ्ठी चिकटवली आहे, "चिकू बाहेर आहे, हात लावू नका." पहिल्या दिवशीच ही चिठ्ठी लावायला हवी होती, असं ताई अजूनही म्हणते.