विश्लेषण : फाइल बदलली, तरी बॅकअपला कळलंच नाही; असं का होतं?

समजा, अँटॉप हिलच्या गोदामांच्या भागात एका कस्टम्स क्लिअरिंग एजंटचं छोटं ऑफिस आहे. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये दिवसभर बिल ऑफ एंट्री, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट येत राहतात आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर हिरवी खूण दाखवत असतं. एक दिवस डिस्क बंद पडते. फाइल्स परत आणताना लक्षात येतं, की ऐन घाईच्या तासातल्या काही फाइल्स बॅकअपमध्ये गेलेल्याच नाहीत. एरर तर कुठेच आली नव्हती.

बदलाची खबर कोण देतं?

बॅकअप किंवा क्लाउड सिंकचं सॉफ्टवेअर दर मिनिटाला लाखभर फाइल्स तपासत बसत नाही. ‘या फोल्डरमध्ये काही हललं तर कळव’, असं ते ऑपरेटिंग सिस्टिमला सांगून ठेवतं. लिनक्समध्ये २००५ पासून हे काम आयनोटिफाय करतं, मॅकमध्ये २००७ पासून एफएसइव्हेंट्स. विंडोजची सोय त्याहून जुनी.

ही यंत्रणा म्हणजे गोदामाच्या गेटवरचा वॉचमन. चार ट्रक आले तर तो नीट नोंद करतो. एकदम चाळीस आले की वहीचं पान भरतं. विंडोजवर अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या फाइलसिस्टिमवॉचरचं पान मुळात फक्त ८ केबीचं असतं. ते भरलं की आतल्या खबरी जातात आणि ‘काहीतरी सुटलं’ एवढाच निरोप येतो. तो निरोप प्रोग्रॅमने वाचलाच नाही, तर हिरवी खूण तशीच राहते.

मग न लिहिलेलं काय?

पान भरतं हे निदान कागदपत्रांत लिहिलेलं आहे. खरी पंचाईत पुढे आहे. वर्डमध्ये ‘सेव्ह’ दाबलं की आधी तात्पुरती फाइल बनते, मग नावं बदलतात, मग जुनी पुसली जाते. एका ‘सेव्ह’च्या नेमक्या किती खबरी येतील आणि कोणत्या क्रमाने, याचं वचन कुणीच देत नाही. प्रोग्रॅमर आपल्या मशीनवर जे दिसतं त्यालाच नियम समजतो (यात सगळेच आले). अँटिव्हायरस बदलला किंवा फोल्डर नेटवर्कवर गेला, की तो नियम मोडतो. मॅकवर तर तयार झालेली, बदललेली आणि लगेच पुसलेली फाइल तिन्ही खुणांसह एकाच खबरीत येऊ शकते. आधी काय झालं ते तुम्ही ओळखायचं.

आयनोटिफायची गोष्ट आणखी वेगळी. नवा सबफोल्डर बनला की त्यावर वेगळी पाळत बसवावी लागते. ती बसेपर्यंत आत आलेल्या फाइल्सची खबर मिळत नाही.

हा प्रश्न बॅकअपपुरता नाही. सर्व्हरवरच्या महत्त्वाच्या फाइल्सना कुणी हात लावला का, हे सांगणारी सुरक्षा सॉफ्टवेअरंही अनेकदा याच खबरींवर चालतात. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. पण ती लक्षातच आली नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही. कार्ड पेमेंटसाठीचं पीसीआय डीएसएस मानक त्या मानाने सावध आहे. महत्त्वाच्या फाइल्स आठवड्यातून किमान एकदा प्रत्यक्ष ताडून पाहा, असं ते सांगतं.

खबर सुटली तर काय करायचं, याचं मायक्रोसॉफ्टचं उत्तरही तेच आहे: अख्खा फोल्डर पुन्हा मोजा. तुमचं बॅकअप सॉफ्टवेअर हे करतं का आणि किती दिवसांनी, हे ते विकणाऱ्याला विचारता येतं.