डुलकीचें गणित

इंदापुराहून बारामतीस जाणाऱ्या सकाळच्या एस.टी. गाडींत बसण्याचा योग आम्हांस अलीकडे आला. अंतर सुमारें ५० किलोमीटर. उतारू बहुतेक महाविद्यालयांत जाणारे. गाडीनें गांव सोडलें न सोडलें, तोंच निम्म्या माना खिडक्यांवर टेकल्या. शेजारच्या गृहस्थांनीं ‘पिढी आळशी झाली’ असा निकाल दिला. आम्ही गप्प राहिलों; कारण असाच निकाल आम्हींही एके काळीं दिला होता.

आमच्या संस्कृतच्या तासाला मागल्या बाकावरील एक मुलगा नित्य पेंगत असे. आम्हीं त्याला सर्व वर्गादेखत उभें केलें व ‘कुंभकर्ण’ असें नांव ठेविलें. पुढें कळलें कीं, शेतीपंपाची वीज त्या दिवसांत रात्रीं येई, वडील अंथरुणाला खिळलेले, आणि हा मुलगा मध्यरात्रीं कंदील घेऊन उंसाला पाणी देण्यासाठीं दारें धरीत असे! त्यानें संस्कृत विषय सोडला. तो आमच्या जिभेमुळें सुटला, असें आम्हांस आजही वाटतें.

आळस कोणता आणि निद्रेची तूट कोणती, हें ओळखण्याचें एक सोपें साधन आतां उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथील एपवर्थ रुग्णालयाच्या डॉ. मरे जॉन्स यांनीं १९९१ सालीं तें प्रसिद्ध केलें. त्यांत आठ प्रसंग आहेत: बसून वाचतांना, दूरचित्रवाणी पाहतांना, सभेंत किंवा नाटकगृहांत स्वस्थ बसलें असतां, तासभर मोटारींतून प्रवास करितांना, दुपारीं आडवें झालें असतां, कोणाशीं बोलतांना, जेवणानंतर शांत बसलें असतां, आणि वाटेंत मोटार क्षणभर थांबली असतां. प्रत्येक प्रसंगीं डुलकी लागण्याचा संभव किती, याला शून्यापासून तीनपर्यंत गुण द्यावयाचे. बेरीज २४ च्या आंत येते. ती १० च्या वर गेली कीं, दिवसाची झोंप प्रमाणाबाहेर आहे असें समजावें. ‘थकवा वाटतो काय?’ असें येथें विचारीत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. थकलेला मनुष्य जागा राहूं शकतो. निद्रेचा ऋणको बोलतां बोलतां पेंगतो.

हीं उत्तरें ज्याचीं त्यानेंच द्यावयाचीं, म्हणून त्यांत चूक संभवते. अधिक काटेकोर कसोटी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत मेरी कार्सकाडन व विल्यम डिमेंट यांनीं १९७० नंतरच्या दशकांत बसविली. अंधाऱ्या, निवांत खोलींत दिवसां दर दोन तासांनीं, चार-पांच वेळां निजवावयाचें आणि मेंदूच्या लहरींवरून झोंप किती मिनिटांत लागली तें पाहावयाचें. सरासरी आठ मिनिटांपर्यंत असली, तर निद्राळुता अधिक ठरते.

अठरा ते पंचवीस या वयांत रात्रीं सात ते नऊ तास निद्रा हवी, असें तज्ज्ञ सांगतात. शिवाय तारुण्याच्या प्रारंभीं देहाचें घड्याळच मागें सरकतें व झोंप उशिरां येते. त्यांत पहाटेची गाडी आणि उशाशीं उजळलेला मोबाईल! मग तूट भरणार कोठून? आमचे प्राचीनही या बाबतींत कठोर नव्हते. चरकाचार्यांनीं आहाराबरोबर निद्रेस देहाचा उपस्तंभ मानिलें. दिवसां निजण्यास ते सहसा अनुकूल नसत, तथापि अध्ययनानें व प्रवासानें शिणलेल्यास त्यांनीं ती मुभा सर्व ऋतूंत दिली आहे. इंदापूरचा विद्यार्थी दोन्ही कारणांनीं त्या मुभेस पात्र आहे.

वडीलधाऱ्या वाचकांस आमची एवढीच विनंती कीं, घरांतील पुस्तकावर पेंगणाऱ्या मुलास किंवा मुलीस बोल लावण्यापूर्वीं हे आठ प्रश्न शांतपणें विचारावे. बेरीज १० वर गेली, तर पंधरा दिवस वेळेवर निजूं द्यावें, रात्रीचीं कामें दुसऱ्यानें उचलावीं, मोबाईल माजघरांत ठेवावा. तरीही आंकडा उतरला नाहीं, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. घोरणें, रक्तक्षय किंवा एखादें औषधही यास कारण असूं शकतें.

आम्हांस हे प्रश्न त्या वेळीं ठाऊक नव्हते. परंतु त्या मुलास ‘रात्रीं निजलास कधीं?’ एवढें विचारण्यास कोणत्याही शास्त्राची गरज नव्हती.