ए सायकल, बाजूला हो!

वाचकहो, आम्ही कचेरीत कारकून आहोत हे आपणांस ठाऊक आहेच. सकाळी डबा कॅरिअरला लावायचा, छत्री दांडीला अडकवायची आणि जटपुरा गेटातून शहरात शिरायचे, हा आमचा रोजचा रिवाज. चांद्याच्या जुन्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. गोंड राजांच्या काळी तिथून हत्ती-घोडे जात असतील. आज त्याच कमानीखालून ऑटो, मोटारसायकली, हातगाड्या आणि आम्ही सायकलवाले एकदमच घुसतो. हत्ती तरी बरा, तो मोबाइलवर बोलत येत नसे.

गेल्या महिन्यात तिथेच आमची टक्कर झाली. मोटारीशी नव्हे, सायकलीशीच. कॉलेजातला पोरगा, उलट्या बाजूने, एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात मोबाइल. आमचा डबा रस्त्यावर, वांग्याची भाजी धुळीत. वर पोरगाच विचारतो, "काकाजी, घंटी काऊन नाही वाजवली?" आम्ही चांगले खडसावणार होतो. पण आमची घंटी दिवाळीपासून मुकी आहे हे आठवले आणि तोंड मिटले. त्याच संध्याकाळी नवी घंटी बसवून घेतली.

मोटारवाले आम्हाला "ए सायकल, बाजूला हो" म्हणतात. माणसाला त्याच्या वाहनाच्या नावाने हाक मारायची, तीही 'ए' लावून, हे आम्हाला फार झोंबते. परंतु परवा पहाटे फिरायला निघालो तेव्हा नवलच पाहिले. डोक्यावर टोपडे, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, गिअरच्या सायकली, अशी एक टोळी भरधाव आली. पुढे एक दूधवाला, दोन्ही बाजूंना भरलेल्या कॅन. टोळीतला एक ओरडला, "ए दूध, साईड!" अहो, तुमची सायकल पन्नास हजारांची असेल, पण ती चालते पायानेच ना? ज्याच्या सायकलीवर चाळीस लिटर दूध आहे तो एकदम वळू शकत नाही, हे सायकल चालवणाऱ्याला तरी कळावे. दूधवाला काही बोलला नाही. तो सावकाश डावीकडे झाला, कॅन हिंदकळल्या आणि थोडे दूध सांडले. ते कोणी भरून दिले नाही.

आता आमच्या साध्या सायकलवाल्यांचेही सांगितले पाहिजे. हात न दाखवता वळणे, चौकात थांबून गप्पा छाटणे, कॅरिअरवर आडवा बांबू बांधून गर्दीत शिरणे, हे सारे आपलेच गुण आहेत. उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की आपण सारे दुपट्टा डोक्याला, कानाला गच्च गुंडाळतो. त्यात घंटी ऐकूच येत नाही. मागचा वाजवून वाजवून थकतो आणि शेवटी शिवी देतो, ती मात्र बरोबर ऐकू येते! मे महिन्यात घंटी दोनदा वाजवून थोडे थांबावे, असे आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे.

पूर्वी शहरांत पोलीस दिव्याविना सायकल अडवीत, हवा सोडीत. वडीलधारी मंडळी त्या आठवणी हसत सांगतात. आता कोणी अडवीत नाही म्हणून कोणी दिवा लावीत नाही. याचा खरा हिशेब आम्ही कागदांत पाहिला आहे. कोळशाच्या ट्रकने सायकलवाला उडवला की त्याच्या घरचे कधीकधी अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे येतात. मोटार अपघात न्यायाधिकरणात समोरचा वकील हमखास विचारतो : सायकलीला दिवा होता का? ती कोणत्या बाजूने चालली होती? मृताचाही हलगर्जीपणा ठरला तर भरपाईतून त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. दीडशे रुपयांचा दिवा नसल्याने विधवेच्या पदरातले किती जाते, ते बेरीज-वजाबाकी करणाऱ्या आमच्यासारख्यालाच दिसते. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळण्याची योजना आहे. त्यासाठी तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कचेरीत चौकशी करावी. पुष्कळांना हे माहीतच नसते.

असो. शहरातला आमचा सर्वांत आवडता नियम म्हणजे एकामागे एक चालवा, जोडीने चालवून रस्ता अडवू नका. हा नियम आम्ही पोरापोरींना पढवत असतो. तोच घेऊन आम्ही गेल्या पंधरवड्यात आरमोरी तालुक्यात बहिणीकडे गेलो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, तशी आमच्या भाचीलाही मिळाली आहे. सकाळी पाहतो तर चौघी मैत्रिणी रस्ताभर पसरून, मोठमोठ्याने बोलत, हसत निघालेल्या. मागून जीपवाला भोंगा वाजवतोय. आम्ही लगेच मामेपणा दाखवला, "अगं, एका रांगेत चालवा!"

भाची थांबली. म्हणाली, "मामा, रांगेत मागची एकटी पडते."

आम्ही गप्प झालो. २०२२ च्या फेब्रुवारीत दुर्गापूरच्या वीजकेंद्रातून काम संपवून सायकलीने घरी निघालेला कामगार वाघाने मारला, ते आमच्या चंद्रपूरलाच घडलेले. गडचिरोलीत तर २०२१ पासून रानटी हत्तींचा कळपही फिरतो आहे. वनखाते सांगते, जंगलातून घोळक्याने जा, आवाज करत जा. म्हणजे आमच्या शहरात जो उद्धटपणा, तोच इथे या पोरींचा जीव राखतो. जीप आली की दोघी पुढे, दोघी मागे व्हायचे आणि गेली की पुन्हा पसरायचे, हे त्यांचे त्यांनीच बसवलेले होते. जीपवाल्याने दोन मिनिटे धीर धरला असता तर त्यालाही ते दिसले असते.

त्या दिवशी आम्ही जावयाची सायकल घेतली आणि शाळेपर्यंत सगळ्यांत मागे राहिलो. तिची घंटी चांगली होती. वाजवत गेलो.