हाजीसाहेबांची पेटी आणि भंगाराचा काटा

गेल्या पावसाळ्यात कळंब्याच्या एका ओळखीच्या घरी आम्ही गेलो, तेव्हा दारात भंगारवाला काटा लावून बसला होता. काट्यावर आजोबांची हजला नेलेली पत्र्याची पेटी होती. पेटी स्वच्छ दिसावी म्हणून घरच्या मुलाने तिच्यावरचा जहाज कंपनीचा कागद ओल्या फडक्याने खरवडून काढला होता. मोगल लाइन एवढी दोनच अक्षरे उरली होती. पेटी किलोवर गेली. जो कागद राखायचा, तोच आधी गटारात गेला.

कोल्हापुरात बसून जहाजाच्या वस्तूंचे काय, असे कोणी विचारील. पण आपल्या कित्येक घरांतले वाडवडील मुंबईहून जहाजानेच जिद्द्याला गेले. मोगल लाइन ही कंपनी 1877 साली दुसऱ्या नावाने निघाली, 1938 मध्ये तिला हे नाव मिळाले आणि 1986 मध्ये ती शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. 'इस्लामी', 'मोहम्मदी', 'अकबर' ही जहाजांची नावे जुन्या माणसांच्या तोंडी असत. 1995 पासून समुद्रमार्गे हज बंद झाला. म्हणजे तिकिटे, पासाची पुस्तके, पेट्या, डेकवरचे फोटो जे काही उरले आहे तेवढेच. त्यात आता भर पडायची नाही.

अशा वस्तू जमवणारे लोक जगभर आहेत आणि ते दाम मोजतात. 1962 चे 'फ्रान्स' हे प्रवासी जहाज पुढे 'नॉर्वे' झाले आणि 2006 मध्ये मोडण्यासाठी गुजरातेत अलंगला आले. त्याच जहाजाचे निवडक भाग 2009 मध्ये पॅरिसला लिलावात विकले गेले. अलंगच्या रस्त्यावर जहाजाच्या कपबश्या, खुर्च्या, दिवे यांची दुकाने आहेत. आपले काही व्यापारी तिथून माल आणतातही. पण कोणता दिवा कोणत्या जहाजाचा, हे लिहून घेण्याची सवय कितीजणांना आहे? जहाजाचे नाव सुटले की दिवा नुसता दिवा राहतो.

'टायटॅनिक'वरच्या वादकाचे व्हायोलिन 2013 साली इंग्लंडमध्ये नऊ लाख पौंडांना गेले. ते खरे की खोटे, याची तपासणी त्याआधी कित्येक वर्षे चालली होती. वाग्दत्त वधूने दिलेली चांदीची पट्टी त्यावर होती, कागदपत्रे होती. लाकूड आणि तारा यांची किंमत किती असणार? पैसे पुराव्याचे मिळाले.

इथे आम्हाला आपल्याच धंद्यातली एक गोष्ट बोलावी लागते, कटू वाटली तरी. नव्या पितळेला तेजाब लावून काळे करायचे, त्यावर 1912 कोरायचे आणि होकायंत्र 'जुने' म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे, असे प्रकार बाजारात चालतात. जाणकार गिऱ्हाईक आधी स्क्रू पाहते. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आला; तो 1912 च्या मालावर दिसला की दुकानदाराची इज्जत तिथेच गेली. मालातला ऐब दाखवून विकावा, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. एका दुकानात फसलेला माणूस शेजारच्या दुकानात खरा मालही घेत नाही.

नवा माल नवा म्हणून विकण्यात कमीपणा कसला? शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोलीत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे कारागीर आहेत. ओतलेला धातू थंड होताना किती आकसेल, हे धरून सागवान तासणारा हात जहाजाचा नमुना का करू शकणार नाही? एका फुटाला पाव इंच, म्हणजे 48 पट लहान, हे जहाजाच्या नमुन्यांचे जुने प्रमाण आहे. मूळ नकाशा मिळवावा, प्रमाण सोडू नये, आणि तळाशी कारागिराने स्वतःचे नाव, गाव व साल कोरावे. हजच्या जहाजांपासून सुरुवात केली तर गिऱ्हाईक आपल्या मोहल्ल्यातच सापडेल, असे आम्हाला वाटते.

कायद्याकडेही लक्ष असावे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कलावस्तू, आणि ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखिते व दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांवरचे असतील तर तेही पुरावस्तू ठरतात. त्यांच्या धंद्याला परवाना लागतो आणि खासगी व्यापाऱ्याला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. सौदा करण्याआधी वय ठरवून घ्यावे.

कळंब्याच्या त्या घरात आजोबांचा तोटीचा लोटा अजून आहे. तो विकायचा की ठेवायचा, हे घरच्यांनी ठरवावे. आम्ही एवढेच सांगून आलो की तो घासून चकचकीत करू नका, आणि आजोबा कोणत्या साली, कोणत्या जहाजाने गेले, हे आजींना विचारून आजच्या आज एका कागदावर लिहून लोट्यात ठेवा. आजींचे वय आता नव्वदीच्या घरात आहे.