शून्यानं भागलं की 'अनंत' येत नाही

सातवीत असताना मी सरांना विचारलं होतं, "बाराला शून्यानं भागलं तर काय येतं?" सर म्हणाले, "अनंत. लिहून घे आणि खाली बस." वर्ग हसला. मी बसलो, ते पुढची बरीच वर्षं वर्गात हात वर केला नाही. गेल्या महिन्यात भाचीनं तोच प्रश्न विचारला आणि स्वतःच उत्तरही दिलं, "मामा, अनंत ना? आमच्या मॅम म्हणाल्या."

नाही, बाळा. चूक आहे ते.

भागाकार म्हणजे उलटा गुणाकार. बारा भागिले तीन, म्हणजे तिनाला कितीनं गुणलं की बारा येतात? चारनं. आता शून्याला कितीनं गुणलं की बारा येतील? कशानंच नाही. आणि शून्य भागिले शून्य? तिथं पाच चालतो, पाचशे चालतात, उणे सातही चालतो. एकीकडे उत्तरच नाही, दुसरीकडे वाटेल ते उत्तर. म्हणून गणितात शून्यानं भागत नाहीत. एवढं सांगायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं.

मग 'अनंत' आलं कुठून? बाराला ०.१ नं भागा, १२० येतात. ०.०१ नं भागा, १२००. भाजक शून्याकडे सरकतो तसा आकडा फुगतो, म्हणून आपण अनंत म्हणून मोकळे होतो. पण शून्याकडे यायला दुसरीही बाजू आहे. −०.१ नं भागा, −१२०. −०.०१ नं भागा, −१२००. आता सांगा, उत्तर अधिक अनंत की उणे अनंत? ही बाजू आपल्याला दिसत नाही, कारण ऋण संख्या आपण 'उणे उणे अधिक' एवढ्यावरच पाठ केलेल्या असतात.

इथं कुणीतरी हमखास म्हणतं, "शून्य आपलंच आहे, भास्कराचार्यांनी अनंतच सांगितलंय." सांगितलंय, बाराव्या शतकात. त्याआधी इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं धन-ऋणाचे नियम लिहिले आणि शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं म्हटलं. आजच्या गणितात ही दोन्ही उत्तरं टिकत नाहीत. तरी ती माणसं थोरच, कारण कुणी वाट दाखवलेली नसताना त्यांनी या प्रश्नाला हात घातला. आपण त्यांचा अभिमान फॉरवर्ड करतो आणि तोच प्रश्न विचारणाऱ्या पोराला खाली बसवतो.

यात नुकसान फक्त मार्कांचं नाही. १९९७ साली अमेरिकन नौदलाच्या 'यॉर्कटाउन' या युद्धनौकेवर डेटाबेसमध्ये कुणीतरी शून्य भरलं, सॉफ्टवेअरनं त्यानं भागायचा प्रयत्न केला आणि जहाज भर समुद्रात बंद पडलं. मी रोज कोड लिहितो. भागाकार दिसला की आधी विचारतो, खालचा आकडा शून्य असू शकतो का? ही सवय मला शाळेनं लावली नाही.

भाचीला मी वहीत दोन्ही बाजूंनी भागाकार करायला लावले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे उद्या मॅमना दाखवलं तर त्या चिडतील का?"

मॅम, ती उद्या हात वर करणार आहे. तिला खाली बसवू नका.