रायगडाला निघालात? महाडात उतरा

पाऊस ओसरला की मुंबई-पुण्याच्या गाड्या रायगडाकडे वळतात. काही पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून प्रतापगड, महाबळेश्वर गाठतात. वाटेत महाड लागतं. चहा होतो, डिझेल भरलं जातं, कुणीतरी विचारतं, "चवदार तळं इथंच ना?" आणि गाडी पुढे निघते. तसं करू नका. उतरा, दोन तास गावात पायी फिरा. रायगडाइतकीच ही रणभूमी आहे आणि ती गाडीच्या काचेआडून दिसत नाही.

तळं काही अथांग नाही. भोवती रस्ता, दुकानं, घरं, तळ्यात बाबासाहेबांचा पुतळा. माहिती न घेता येणारा पाच मिनिटांत फोटो काढून मोकळा होतो. म्हणून थोडं वाचून या. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं, पण पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मार्च १९२७ मध्ये महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा आलेल्या माणसांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. ते सुद्धा भरलेलं तळं गावात असताना! मुलं बरोबर असतील तर हा ४० रुपयांचा हिशेब त्यांना काठावर उभं राहून सांगा.

२० मार्चला मोर्चा तळ्यावर गेला, बाबासाहेब पाणी प्याले, मागून हजारो लोक प्याले. खरी लढाई त्यानंतर झाली. आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई उठली आणि लाठ्या घेतलेला जमाव परतीला निघालेल्यांवर तुटून पडला. कित्येकांना मुसलमान घरांनी आसरा दिला. परिषदेला पलटणीतले पेन्शनर आले होते. त्यांना उलट हात उचलणं जड नव्हतं, पण बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. वीरेश्वराचं देऊळ आजही गावात आहे. तिथून तळ्यापर्यंत चालत जा, म्हणजे ती दुपार किती अरुंद जागेत घडली ते कळेल.

मग डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेची आठवण असलेला क्रांतिस्तंभ बघा. ही परिषद ठरली, तेव्हा मांडवाला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. त्या परिषदेत २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली. दरम्यान, तळं खासगी आहे, असा दावा कोर्टात दाखल झाला होता. तो उच्च न्यायालयात निकालात निघायला १९३७ साल उजाडलं. ठराव करणं सोपं, पाणी पिणं अवघड आणि कोर्टात टिकून राहणं त्याहून अवघड, हे इथं पायाखालच्या रस्त्यावर समजतं.

इतकं गंभीर बघून सहलीची मजा जाईल असं वाटत असेल, तर बाबासाहेबांच्या चरित्रात काय आहे ते ऐका. डिसेंबरची परिषद आटोपल्यावर बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी महाडजवळची बौद्ध लेणी बघायला गेले आणि रायगडही चढले. तोच बेत तुम्हीही ठेवा. गांधारपाल्याची लेणी महामार्गालगतच्या डोंगरात आहेत. चढण बेताची आहे, सकाळी लवकर गेलात तर ऊन लागत नाही. पोलादपूरकडे वळणार असाल तर तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ वाटेवर घ्या.

भर पावसाळ्यात मात्र येऊ नका. सावित्री आणि गांधारी एकदम फुगतात. जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. आंबेनळी घाटात दरडी कोसळतात त्या वेगळ्याच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. रेल्वेने यायचं तर वीर स्टेशनावर उतरा. तळ्याकाठी खाऊची पाकिटं टाकू नका, पुतळ्याकडे पाठ करून चाळे करत रील काढू नका. कुणी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावत असेल, तर त्याच्यावर कॅमेरा रोखू नका.

२० मार्चला यायचं तर गर्दीची तयारी ठेवा. २०२७ मध्ये तर शंभर वर्षं होतायत. गाडी गावाबाहेर ठेवा, टोपी आणि पाणी जवळ असू द्या, म्हाताऱ्यांना सकाळीच दर्शन घडवा. आणि एक रिकामी पिशवी आणा. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला पुस्तकांचे इतके स्टॉल लागतात की हात भरून जातात.